आमचे थंड हवेचे भावोजी

माझ्या भावोजींनी उभ्या आयुष्यात एक गोष्ट अगदी जीव ओतून केली, ती म्हणजे फटी बुजवणं. खिडकीची फट, दाराखालची फट, भिंतीतून पाइप बाहेर जातो तिथली फट. एसी बसवणाऱ्या माणसाला फट दिसली की त्याला चैन पडत नाही. आम्ही कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी चहा यायच्या आत हे सगळ्या खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवून आलेले असायचे. "गार हवा इथून पळते," असं ते यजमानांना सांगत, आणि ज्यांच्याकडे एसीच नाही असे यजमान बिचारे मान डोलवत.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होते आणि मला हा माणूस मुळीच आवडला नव्हता. फार हळू बोलायचा. बोलता बोलता मध्येच थांबून शेजारच्या बंगल्यातल्या कंप्रेसरचा आवाज ऐकत बसायचा. मी त्यांचं नाव थंडोबा ठेवलं आणि लग्नात सगळ्यांसमोर त्याच नावाने हाक मारली. माझ्या आईने डोळे वटारले. भावोजी मात्र म्हणाले, "मेहुणीबाई, धंद्याला शोभेल असं नाव दिलंत." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

दुसऱ्यांची घरं गार करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात एक घरघरणारा पंखा होता. ताई म्हणायची, "गावभर गारवा वाटत फिरतात, आणि आम्ही इथे शिजतोय." त्यावर ते म्हणायचे की एसीत झोपलं की अंग आखडतं. मला वाटतं त्यांना थंडीत फारसा रस नव्हताच. त्यांना रस होता बिघाडात. यंत्र बंद पडलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

मग ते पडले. एका इमारतीच्या बाहेरच्या बाजूला, शिडीवर उभे राहून मशिन बसवताना शिडीच सरकली. गुडघा गेला, उजवा खांदा अर्धा गेला, आणि पाठोपाठ दुकानही गेलं, कारण दुकान म्हणजे तोच खांदा होता. दवाखान्यात ताईने त्यांच्याकडून वचन घेतलं की यापुढे शिडीवर पाय ठेवणार नाही. नुसत्या वचनावर विसंबून राहील ती माझी ताई कसली. तिने घरातली अॅल्युमिनियमची शिडी साखळीने बांधून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. बल्ब गेला तरी आधी ताईची परवानगी, मग शेजारच्या कोणाला तरी बोलावणं.

मी ज्या पाळणाघरात शिकवते त्याची नवी इमारत तेव्हा उभी राहत होती. तिची देखभाल करायला माणूस हवा होता आणि त्याला फाटकाजवळ राहायला एक खोली मिळणार होती. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांच्याकडे मी भावोजींसाठी शब्द टाकला. मोठ्या बाई कडक. त्यांच्यासमोर पालकसुद्धा रांगेत उभे राहतात. "तुमच्या जबाबदारीवर घेते," म्हणाल्या. ताई आणि भावोजी भाड्याचं घर सोडून त्या खोलीत आले. खोली लहान होती, पण ताईने तिला एका दिवसात घर करून टाकलं. दुसरं घर त्यांना नव्हतं.

आता इमारतीबद्दल सांगायला हवं. ती बांधणारी आर्किटेक्ट तरुण होती, केस कायम धुळीने भरलेले. आम्ही तिला मातीवाली म्हणायचो, कारण तिने भिंती विटांच्या बांधल्याच नाहीत. पाया खणताना निघालेलीच माती थोडं सिमेंट घालून साच्यात थरावर थर कुटली, आणि हातभर जाड भिंती उभ्या केल्या. ते थर अजून दिसतात, तांबूस, पिवळट, मध्येच राखाडी. खिडक्या पाडलेल्या जुन्या इमारतींमधून आणलेल्या, त्यामुळे एकीचा दुसरीला मेळ नाही. जमीन फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांची. मुलं त्यात मासे आणि विमानं शोधतात. आणि मुलांच्या झोपायच्या खोलीवर एक उंच, पोकळ मनोरा, ज्याच्या अगदी वरच्या टोकाला चारी बाजूंना आडवे झरोके. बांधकाम चालू असतानाच मुलांनी त्या मनोऱ्याचं नाव जिराफ ठेवलं.

भावोजी पहिल्या दिवशी हात मागे बांधून सगळीकडे फिरले.

"एसीचे पॉइंट कुठे काढलेत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," मातीवाली म्हणाली. "ही इमारत स्वतःच गार राहील. संध्याकाळी खालच्या खिडक्या उघडायच्या, सकाळी ऊन यायच्या आत लावायच्या. बाकीचं जिराफ बघेल."

मीठ न घालता भाजी चवदार होईल असं कोणी म्हटल्यावर आचारी जसा बघेल, तसे भावोजी तिच्याकडे बघत राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो. पण पहिल्या उन्हाळ्यात हिचं नाक कापलं जाणार."

तरी कामात त्यांनी कधी कुचराई केली नाही. पटत नसलं तरी संध्याकाळी खिडक्या उघडायचे, सकाळी लावायचे. जाळ्या पुसायचे. मातीच्या भिंतीला कोणी मुलाने पेन्सिलने खरवडलं तर ओल्या मातीचं बोट फिरवून असं बुजवायचे की जागा सापडू नये. हळूहळू असं झालं की पाहुणे आले की भिंतीचे थर तेच दाखवायला लागले, आणि दाखवताना "आमची भिंत" म्हणायला लागले. मी चिडवलं तर म्हणायचे, "भिंत चांगली आहे, असं म्हटलं. गार आहे असं कुठे म्हटलं?"

हिवाळा आला. झोपायच्या खोलीत दुपारी वरून गार झोत यायला लागला. आमच्या वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, जिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो, तिला खोकला झाला. तिची आई येऊन मला चार शब्द सुनावून गेली. मी ते चार शब्द घेऊन सरळ भावोजींकडे गेले आणि त्यात आपले दोन घालून म्हटलं, "वरून वारा येतोय. तुमच्यासारखा माणूस असताना?" त्यांनी मान वर करून जिराफाच्या आत पाहिलं आणि म्हणाले, "बघतो."

चार-पाच दिवसांत झोत बंद झाला. चिमणी बरी झाली. मी त्यांचे आभार मानायलाही विसरले.

उन्हाळा लागला आणि आमचे हाल सुरू झाले. सकाळी खोलीत बरं वाटायचं, पण दुपार झाली की हवा अशी कोंडायची की मुलं चटईवर तळमळायची. मानेवर पुरळ, सारखं पाणी, सारखी रडारड. पालकांनी आधी कुजबुज केली, मग तक्रारी, मग थेट समितीकडे अर्ज. समितीचे अध्यक्ष भला माणूस, पण पालकांच्या तोंडी लागायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी ठरवलं की शनिवारी बैठक घ्यायची, मातीवालीला बोलावून जाब विचारायचा आणि सोमवारपासून एसी बसवायला घ्यायचे. मशिनं बसवायची म्हणजे त्या भिंती फोडायच्या.

"हे तर तुमचंच काम," अध्यक्ष भावोजींना म्हणाले. "भोकं कुठे पाडायची त्याच्या खुणा करून ठेवा."

मला वाटलं, आता हा माणूस फुलणार. इतके दिवस जे सांगत होते तेच खरं ठरलं होतं. ते खडू घेऊन झोपायच्या खोलीत गेले. मी मुलांच्या चटया गुंडाळत होते. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. खाली ठेवला, मग वर ठेवला. मग स्टूल ओढलं, माझ्याकडे बघून विचारलं, "स्टुलाला शिडी म्हणत नाहीत ना?" आणि त्यावर चढून हात उंच केला.

"मेहुणीबाई, जमिनीजवळ गार आहे. डोक्यावर भट्टी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मशिन चांगलं आहे. गरम हवा वर जातेय, पण बाहेर पडत नाहीये. कुठेतरी जाम झालंय." बिघाड सापडला की त्यांचा चेहरा खुलतो, तसा तो खुलला होता. "फिल्टर तुंबला की एसीचं असंच होतं. इथे जाम व्हायला जागा एकच, ती म्हणजे..."

त्यांनी वर जिराफाकडे पाहिलं. स्टुलावरून ते फार सावकाश उतरले आणि एकही खूण न करता खडू खिशात टाकून निघून गेले.

दोन दिवस ते जेवताना ताटात बोटं फिरवत बसायचे. ताईला वाटलं गुडघा दुखतोय. शुक्रवारी दुपारी मुलं गेल्यावर मी त्यांना मागच्या नळाजवळ गाठलं आणि म्हटलं, "काय झालंय ते सांगा, नाहीतर ताईला विचारायला लावते." या धमकीवर ते बोलले.

वरचे झरोके त्यांनीच बुजवले होते. चिमणीच्या खोकल्यापायी. आत फोम मारला, वरून चंदेरी टेप लावली, कडा दाबून सफाईने बसवल्या. आयुष्यभर केलेल्या कामात इतकं नीट काम झालं नव्हतं, असं ते सांगताना म्हणाले, आणि मला त्याही परिस्थितीत हसू आलं.

"पण तुम्ही वर चढलात कसे?"

"तुमची ताई दोन दिवस तुमच्याकडे राहायला आली होती ना, तेव्हा. रंगारी फाटक रंगवत होते. त्यांची शिडी होती."

मग मात्र मला हसू आलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हटलं, "कोणाला काही बोलू नका. गुपचूप काढून टाका."

"काढायला वर चढावं लागेल. शिडीची किल्ली कुठे आहे तुम्हाला माहितीये."

"मग राहू द्या. बसवू देत एसी. मुलं गार झोपतील, तुमची नोकरी राहील, खोली राहील. कोणाचं काय बिघडलं?"

ते नळाच्या धारेकडे बघत राहिले. मी तेव्हा जे बोलले ते मनापासून बोलले होते. मला माझ्या बहिणीचं घर दिसत होतं. भिंतींचं आणि त्या मुलीचं काय होईल याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. भावोजी एवढंच म्हणाले, "उद्या बघू."

शनिवारी बैठक झोपायच्या खोलीतच भरली, कारण मोठी खोली तीच. सगळे घामाघूम. ताई पाण्याचे ग्लास घेऊन दाराशी उभी होती. भावोजी भिंतीला टेकून खाली मान घालून बसले होते. मातीवाली एकटीच आली होती. पालक एकामागून एक बोलले. कोणी म्हणालं, मुलांवर कसले प्रयोग करता. कोणी म्हणालं, मातीची घरं सोडायला लोकांना इतकी वर्षं लागली आणि तुम्ही आम्हाला परत त्यातच बसवलं. ती ऐकत राहिली. तिने सोबत आणलेली कागदांची गुंडाळी उलगडलीही नाही.

"मी सगळे नकाशे आणि हिशेब पुन्हा तपासले," ती शेवटी म्हणाली. "मला चूक सापडत नाही. पण खोली गरम आहे हे मला दिसतंय. त्यामुळे माझंच चुकलं असणार. भिंती फोडायच्या असतील तर फोडा." आणि ती भिंतीकडे न बघता बसली.

भावोजी उठले. गुडघ्यामुळे त्यांना उठायला वेळ लागतो, तोवर सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले.

"त्यांचं चुकलेलं नाही," ते म्हणाले. "वरचे झरोके मी बुजवलेत. हिवाळ्यात. पक्के बुजवलेत." त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर मोठ्या बाईंच्या पुढे ठेवला. "एसी नका बसवू. भिंतीत काही खोट नाही. मी हात लावून बघितलंय."

मग दाराकडून ताईचा आवाज आला.

"अहो, वर चढलात कशाने?"

इतक्या गंभीर प्रसंगी अध्यक्षांना हसू आवरेना, त्यांनी रुमाल तोंडावर धरला. भावोजी ताईकडे बघायचं धाडस करत नव्हते. "रंगाऱ्यांच्या शिडीने," ते म्हणाले. ताईने ग्लासांचा ट्रे खाली ठेवला आणि ती आपल्या खोलीकडे निघून गेली.

मातीवाली मात्र उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर राग असेल म्हणून मी बघितलं, तर तिचे डोळे भरलेले आणि तोंडावर हसू, अशी काहीतरी तिची अवस्था झाली होती. "बुजवलेत?" ती म्हणाली. "नुसते बुजवलेत? अहो, हिवाळ्यात ते बंदच करायचे असतात. त्यासाठी दोरी आहे. खाली ओढली की झडपा लागतात."

"कुठली दोरी?"

तिने कपाटामागे हात घातला. दोरी होती. टोकाला लाकडी गोळा होता आणि ती उंच खिळ्यावर नीट गुंडाळून ठेवलेली होती. भावोजी तिच्याकडे बघत म्हणाले, "मुलं लोंबकळतील म्हणून मीच वर गुंडाळून ठेवली. मला वाटलं, बांधकामवाले विसरून गेलेत."

"आणि मी ती दाखवली कंत्राटदाराला," मातीवाली म्हणाली. "मोठ्या बाईंना दाखवली, अध्यक्षांना दाखवली. ज्यांनी ती ओढायची त्यांना कधी दाखवलीच नाही." हे ती मोठ्याने म्हणाली तेव्हा मोठ्या बाई छताकडे बघत होत्या.

बैठकीत ठरलं एवढंच की एसीचं सोमवारचं काम पुढे ढकलायचं आणि आधी झरोके उघडून बघायचे. भावोजींचं काय, हा विषय कोणी काढला नाही. किल्ल्या टेबलावर तशाच पडून राहिल्या.

शिडी लागणार होती, म्हणजे ताईकडे जावं लागणार होतं. मीच गेले. ती खोलीत भांडी पोत्यात भरत होती. "उद्या परवा जा म्हणतील," ती म्हणाली. "ऐन वेळी धावपळ नको." मी तिला शिडीचं सांगितलं. तिने गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली लावून शिडी सोडवली आणि माझ्यासोबत आली, येताना भाजीची धारदार सुरीही घेऊन. वर मातीवाली चढली. भावोजींनी शिडी धरली, ताईने भावोजींचा सदरा मागून घट्ट धरला. ते वर पाय ठेवतील अशी तिला अजूनही शंका होती.

टेप चरचरत निघाली. फोमचे तुकडे खाली पडायला लागले. "फार घट्ट बसवलंय हो," वरून मातीवाली धापा टाकत म्हणाली. "सवय," खालून भावोजी म्हणाले. शेवटचा झरोका मोकळा झाला तेव्हा बाहेर अंधारून येत होतं. आम्ही खालच्या खिडक्या उघडल्या. चिमणीने खिळ्याला अडकवलेली कागदाची माळ आधी एकदा हलली, मग थांबली, मग जिराफाच्या तोंडाकडे ओढ घेऊन डुलायला लागली. भावोजी तिच्याखाली उभे राहून बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना फुकट गार झालेली हवा पहिल्यांदाच भेटत होती.

रविवारी पहाटे मला झोपच लागेना, म्हणून उठून मी पाळणाघरात गेले. भावोजी फाटकाशीच भेटले. "ऊन यायच्या आत खिडक्या लावायला हव्यात," ते म्हणाले. "किल्ल्या नाहीत, पण दार कोणी लावलंय का बघतो." दार उघडंच होतं.

आम्ही आत पाऊल टाकलं आणि दोघंही थांबलो. खोली गार होती. पंखा बंद होता आणि तरी पायाखालच्या फरश्या गार, भिंती गार, डोक्यावरची हवासुद्धा गार. भावोजींनी हात जमेल तितका उंच केला, तिथेच धरून ठेवला आणि एक लांब श्वास सोडला. माझा जीव भांड्यात पडला. मला रडायला आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मला कोपऱ्यात मोठ्या बाई दिसल्या. खात्री करायला त्या आमच्याही आधी आल्या असाव्यात. मुलांच्या चटईवर, चिमणीची चित्रांची चादर पांघरून, पाय पोटाशी घेऊन त्या झोपल्या होत्या. ज्यांच्यासमोर पालक रांगेत उभे राहतात त्या आमच्या मोठ्या बाई. भावोजींनी मला तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि आवाज न करता एकेक खिडकी लावायला सुरुवात केली.

"शेवटची नीट लावा, तिची कडी सैल आहे," मोठ्या बाई डोळे न उघडता म्हणाल्या. मग चादरीखालून हात बाहेर काढला. हातात जुडगा होता. "आणि या घ्या तुमच्या किल्ल्या. रात्रभर टोचतायत मला."

भावोजींनी किल्ल्या घेतल्या. शेवटची खिडकी त्यांनी इतकी जपून लावली की कडीचा आवाजही झाला नाही.

आम्ही खोलीवर आलो तेव्हा ताई दारात, बांधलेल्या पोत्यावर बसली होती. रात्रभर ती झोपली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. भावोजींनी जुडगा खिळ्याला अडकवला. ताईने खिळ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पोत्याची गाठ सोडली, त्यातून चहाचं पातेलं काढलं आणि शेगडीवर ठेवलं. पदराने डोळे पुसले आणि गळ्यातला दोरा चाचपून बघितला.

"शिडीची किल्ली मात्र माझ्याकडेच राहील," ती म्हणाली.